बंद घराचा कर

सकाळच्या विमानाने इंग्लंडहून आलेला डेन्झिल तडक करसल्लागार एन्कार्नाकडे गेला. म्हातारपणी दोघांनी राहायचं म्हणून त्यानं स्पेनमध्ये हौसेनं घर घेतलं आणि बायको, बेरिल, वारली. दाराचं कुलूप कधी निघालंच नाही.

“रिकाम्या घराला कसला आलाय कर?”

“परदेशी मालकानं घर भाड्यानं दिलं नाही, तर त्याचं सुख तो स्वतःच घेतो, असं कायदा धरून चालतो,” एन्कार्ना हसली. “आणि रिकामं म्हणून कुणाला फसवता, साहेब? मी समोरच राहते. रोज संध्याकाळी आम्ही गल्लीत खुर्च्या टाकतो, तेव्हा तुम्ही दोघं असताच की! कालसुद्धा बेरिलबाईंच्या पायाशी सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा नुसता सडा पडला होता.”

डेन्झिल खुर्चीत टेकला.



त्यानं हळूच विचारलं, “ती... हसते का हो तिथं?”