चार वितींचा कोपरा

कुमुदताईंनी शोरूममधल्या दोन दारांच्या फ्रिजवर पंजा पसरून त्याची रुंदी मोजली. "पावणेपाच विती भरतोय. आपला स्वयंपाकघरातला कोपरा चार वितींचा आहे. एका दाराचा घेऊ या."

सेल्समन गालात हसला. दिगंबररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर पूल बांधलेल्या इंजिनिअरची बायको चारचौघांत फ्रिज वितीने मोजत होती. "गजरा घ्यायला आलीयस का?" ते खेकसले. "एका दाराचे फ्रिज भाड्याच्या खोल्यांत असतात. तुला यातलं काय कळतं?" स्वतः त्यांनी कोपरा मोजलाच नव्हता. त्यांची नजर पुरेशी होती.

फ्रिज आला. हमालांनी तो कोपऱ्यात सरळ घालून पाहिला, तिरका घालून पाहिला आणि शेवटी दिवाणखान्यात दिगंबररावांच्या आरामखुर्चीशेजारी उभा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दिगंबररावांनी पेपर उघडला आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, दूध आणा." मग आल्याचा तुकडा. मग मिरच्या, कोथिंबीर, लोणी. पाच फेऱ्या झाल्यावर ते वैतागले. "सगळं एकदम सांगता येत नाही का?"

"मला यातलं काय कळतं?" आतून शांत उत्तर आलं. "दही आणा."