गळलेली ओळ

वॉर्डाची यादी स्क्रीनवर सरसर वर सरकली आणि थांबली. कॉम्प्युटरवाल्यानं ती बोट लावून वाचली. चौदाव्या खाटेनंतर एकदम सतरावी. चौदाव्या खाटेवरच्या पेशंटचं अर्धं नाव सतराव्या खाटेवरच्याला चिकटलं होतं. त्यानं यादी पुन्हा मागवली. या वेळी चौदावी नीट आली, पण शेवटाकडच्या दोन-तीन खाटा गायब.

त्याच्या मागे दवाखान्याचे अधीक्षक उभे होते. चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई आपली खुर्ची त्याला देऊन बाजूच्या स्टुलावर बसल्या होत्या. गेल्या आठवड्यात एका पेशंटची बायको याच खिडकीशी आली होती. नवरा रस्त्यात चक्कर येऊन पडला, कुणीतरी उचलून दवाखान्यात नेला, एवढंच तिला कळलं होतं. बाईंनी यादी पाहिली आणि सांगितलं, या नावाचं इथं कुणी नाही. ती शहरातले सगळे दवाखाने पालथे घालून दुसऱ्या दिवशी परत आली. नवरा इथंच होता, वरच्या मजल्यावर. पहाटे गेला होता.

"म्हणे नावच दिसलं नाही," अधीक्षक म्हणाले. "नाचता येईना अंगण वाकडं. उद्यापासून बाईंना कपड्यांच्या कोठीत पाठवतोय. चादरींना नावं नसतात. पण वरून विचारणा झाली, म्हणून म्हटलं मशीनही बघून घ्या."

कॉम्प्युटरवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तळघरात एकच जुनं मशीन होतं आणि दवाखान्यातली सगळी टर्मिनल, म्हणजे नुसते स्क्रीन आणि कीबोर्ड, एकेका वायरनं त्याला जोडलेली होती. मागच्या खेपेला त्यानं सगळ्या वायरींचा वेग वाढवून दिला होता. याद्या झरझर यायला लागल्या, लोकांनी पाठ थोपटली. खिडकीतलं टर्मिनल मात्र सगळ्यांत म्हातारं. त्याला तो वेग झेपत नव्हता. झेपेनासं झालं की ते 'थांब' असा इशारा पाठवायचं, पण तो इशारा ऐकायची सेटिंग या वायरीवर बंद होती. पूर्वीच्या वेगाला तिची गरजच पडत नव्हती. आता मशीन ओतत राहायचं आणि ओळी सांडत राहायच्या. त्या दिवशी त्यानं छोटीशी यादी मागवून पाहिली होती. ती नीट आली, आणि तो जेवायला गेला.

अंगण खरंच वाकडं होतं.

त्यानं सेटिंग चालू केली. दोन शब्दांचं काम. यादी पुन्हा मागवली. आता ती अडखळत आली, थांबली, पुन्हा निघाली, पण एकूण एक खाट घेऊन आली.

"काय, मशीन ठीक आहे ना?" अधीक्षकांनी विचारलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. आता ते खरं होतं.

"बघा बाई, मी म्हणत नव्हतो?"

बाईंनी मान हलवली. अधीक्षक गेले. त्यांची पावलं जिन्यावर विरली तशी कॉम्प्युटरवाल्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच त्याला शिसारी आली. तो पिशवी आवरू लागला.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "माझ्या जागी जी येईल तिला तेवढं सांगाल का? यादी दोनदा वाचायची म्हणावं. मी घाईत एकदाच वाचली."

त्यानं पिशवी खाली ठेवली.

"बाई, तुम्ही दहादा वाचली असती तरी नसतं दिसलं," तो म्हणाला. "नाव स्क्रीनवर आलंच नव्हतं. वेग मी वाढवला होता. वाढवल्यावर जे बघायला हवं होतं, ते बघितलं नाही. आत्ता तुमच्यासमोर दुरुस्त केलं आणि साहेबांपुढे गप्प बसलो."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. ओरडतील, निदान रडतील, असं त्याला वाटलं. त्यांनी पदरानं टेबलावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

"म्हणजे तो माणूस यादीत होता."

"मशीनमध्ये होता. तुमच्यापर्यंत पोचला नाही."

"आणि मी त्या पोरीला म्हटलं, नीट चौकशी करत जा, उगाच इथं गर्दी नको." त्या थांबल्या. "मागे रांग होती हो."

खिडकीशी कुणी नव्हतं. कॉम्प्युटरवाला उठून उभा राहिला. "मी आत्ता साहेबांना जाऊन सांगतो. तुमची बदली रद्द करायला लावतो."

"साहेबांना सांगाच. माझं काय, चादरी तर चादरी," बाई म्हणाल्या. "पण मला सांगून किंवा साहेबांना सांगून भागणार नाही, भाऊ."

त्याला कळलं. त्यानं खाली बघितलं.

"मी जाऊन आले तिच्याकडे," बाई म्हणाल्या. "रविवारी. म्हटलं, माझ्या डोळ्यांनी घात केला, माफ कर. वाटलं होतं दार लावून घेईल तोंडावर. तिनं आत बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, मावशी, माणसाच्या नजरेतून सुटतं कधी कधी."

त्यानं पिशवी खांद्याला अडकवली. मग विचारलं, "कुठं राहते?"

बाईंनी पत्ता सांगितला. पाण्याच्या टाकीमागची चाळ, दुसरा मजला, टोकाची खोली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "बेल बंद पडलीय तिची. दारच वाजवावं लागेल."