घड्या पडलेली आगगाडी

खिळा तिसऱ्यांदा वाकला तसा तो करवादला. बैठकीच्या भिंतीवर रेल्वेची जुनी पोस्टरं लावायची हौस त्याचीच, त्यामुळे चरफडणंही त्याच्याच वाट्याला. दोन कशीबशी लागली होती. तिसरं, डोंगरातल्या छोट्या गाडीचं, टेबलावर पसरलं होतं.

त्या एका पोस्टरसाठी त्याने महिनाभर दुकानं पालथी घातली होती. वडिलांनी उभी हयात स्टेशनांवर पोस्टरं चिकटवण्यात घालवली, पण या गाडीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा वेगळाच खुलायचा. आता मात्र ते त्याच्याशी बोलतच नव्हते. ही भिंत मोकळी करताना त्याने तिथली पत्र्याची पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली, तेव्हापासून अबोला.

"पेटीत होतं काय? माझीच शाळेतली, कव्हरं घातलेली वह्यापुस्तकं!" तो बायकोपाशी कितीदा तरी कुरकुरला होता. पोस्टर पाहून तरी त्यांचा राग निवळेल, एवढीच आता आशा होती.

"घड्या केवढ्या पडल्यात," बायको म्हणाली. "कडा कापूया का? फ्रेममध्ये नीट बसेल."

"कात्री लावायची नाही." वडील दारात उभे होते. महिन्याभरातलं हे पहिलं वाक्य. "पोस्टर दुमडायचं, कापायचं नाही. कामावर तोच नियम होता. उरलेलं घरी आणलं, तरी तोच."

"घड्या आहेत म्हणून तर परवडलं, बाबा," तो घाईने म्हणाला. "दुकानात परवाच आलं होतं. असं आता शोधूनही सापडायचं नाही म्हणे. तुमच्यासाठीच आणलंय."

वडील टेबलापाशी आले. गाडीकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. मधल्या घडीवरून नुसतं बोट फिरवत राहिले.

त्याचा पारा चढला. "आता यातही खोट? काय केलं म्हणजे तुमचं समाधान होईल, एकदाचं सांगून टाका!"

"उलटं कर."

त्याने धुसफुसत पोस्टर उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर, दोन घड्यांच्या मधोमध, फिकट निळ्या शाईत त्याचंच लहानपणीचं वाकडंतिकडं अक्षर होतं: इयत्ता चौथी. नकाशांचं पुस्तक. कोणीही हात लावू नये.