चौकटीचं नाव

नाव असं द्यायचं, की वाचताक्षणी कळावं आत काय आहे, हे गौरेशनेच पूनमला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आधी वस्तूची जात लिहायची. मजकुराचा रकाना असेल तर ‘टेक्स्ट’, खूण करायची चौकट असेल तर ‘चेक’. मग तिचं काम.

डिचोलीतल्या त्या छोट्या ऑफिसात तिचा हा तिसराच आठवडा. आज तिने एका कारखान्याच्या गेटपासचा प्रोग्रॅम दुरुस्तीला उघडला. पडद्यावर चौकटीपुढे ‘बाहेरगावचा कामगार’ असं नीटनेटकं लिहिलेलं होतं. आत, कोडमध्ये, त्याच चौकटीचं नाव होतं ‘चेकघाटी’. घाटी, म्हणजे गोव्यात घाटावरून आलेल्यांना हिणवायचा शब्द.

तिने शोधून पाहिलं. एकसष्ट ठिकाणी. चेकघाटी असेल तर मागचं गेट. चेकघाटी असेल तर पिशवी तपासा. चेकघाटी असेल तर डबा उघडा.

डब्यापाशी तिचा हात थांबला.

तिचे बाबा, मूळचे घाटावरचे, गडहिंग्लजचे, त्याच कारखान्यात पेट्या उचलायला होते. हा प्रोग्रॅम बसल्याला महिना झाला होता, आणि महिनाभर ते डबा नेत नव्हते. आईने विचारलं की म्हणायचे, “दुपारची भूकच लागत न्हाई बघ.” संध्याकाळी घरी आले की हातपायही न धुता चार भाकऱ्या खायचे.

टेबलावरच्या चहावर साय धरली होती. पूनमने कप लांब सारला.

डिचोलीतच वाढलेली ती. कोकणी तिच्या तोंडात मुरलेली. “गौरेशदादा, हें नांव कोणें दिलें?”

गौरेशने वाकून पाहिलं आणि हसला. “हांवेंच! अगो, कोण वाचतलो तें? पडद्यार थोडेंच दिसता?”

“आनी डबो?”

“तो नेम कारखान्याचो. तांणी सांगलें, आमी कोडांत बरयलें.” मग तिचा चेहरा बघून म्हणाला, “बरें, तुका घाण दिसता जाल्यार बदल नांव. पूण अर्थ तोच जाय हां.”

अर्थ तोच. पूनमने ‘परप्रांतीय’ लिहून पाहिलं. ‘मजूर’ लिहून पाहिलं. दोन्ही शब्द धुतल्यासारखे स्वच्छ, आणि त्यांच्याखाली डबा तसाच उघडत होता. त्या स्वच्छपणाचीच तिला जास्त किळस आली. दोन्ही खोडले. मग तिने लिहिलं ‘चेकआम्ही’, आणि एकदम सगळीकडे बदल करायचं बटण दाबलं.

गौरेश पडद्याकडे बघतच राहिला.

“आम्ही? म्हणजे... तूंय?”

विचारता विचारता त्याने आपली खुर्ची वीतभर मागे घेतली. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं.