चिकटरावांची पत्रं

"बाबांना रिकामं बसू देऊ नकोस, आई. काहीही कर, पण त्यांना कामाला लाव."

विमानतळाच्या दारात मुलीने तिला एवढंच बजावलं होतं. त्याला दोन वर्षं होऊन गेली. तरी बेडरूमचं दार लोटून मुलीचा जुना लॅपटॉप उघडताना ते वाक्य अजून तिच्या कानात घुमायचं.

आज तिला चूक सापडत नव्हती. आज म्हणजे, गेले नऊ दिवस.

नवरा कारखान्यात तीस वर्षं नकाशे काढायचा. त्याला एक नाद होता. बस चालवायचा एक जुना कॉम्प्युटर गेम होता; त्यातल्या गाड्या हव्या त्या रंगात रंगवून पुन्हा गेममध्ये सोडता याव्यात, म्हणून त्याने स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला आणि जगाला फुकट वाटला. एके काळी कुठून कुठून मेल यायचे. कुणाला दुमजली बस हवी असायची, कुणाला आपल्या लहानपणीची शाळेची बस. मग नवे गेम आले, माणसं पांगली, मेल थांबले. पाठोपाठ निवृत्तीही आली. मुलगी परदेशी गेली त्या महिन्यात नवरा भिंतीकडे तोंड करून बसायला लागला.

तेव्हा तिने एक बसप्रेमी जन्माला घातला.

कुणाला न सांगता तिने नवा पत्ता उघडला आणि मेल पाठवला : 'मागील चाकाजवळ रंग रेषेच्या किंचित बाहेर जातो, कृपया लक्ष घालावे.' त्या दिवशी नवरा खुर्चीतून उठला. चार दिवस खपून त्याने ते चाक नीट केलं. मग तिने पुढची चूक शोधली. मग पुढची. छापखान्यात पंचवीस वर्षं प्रुफं तपासली होती तिने. छापखाना बंद पडला, पण नजर काही बंद पडली नव्हती. आठवड्याला एक पत्र, असा नेमच होऊन बसला. या बसप्रेमीला 'चिकटराव' हे नाव नवऱ्याने ठेवलं.

"आला बघ तुझा चिकटराव!" तो बाहेरून ओरडायचा.

"माझा कशाला? तुमचंच गिऱ्हाईक."

"खवचट आहे गं मेला. पण शुद्धलेखन काय सुरेख! एक वेलांटी चुकत नाही."

"शिकलेला असेल." ती कपड्यांच्या घड्या घालत राहायची.

"हो, असेल बुवा."

आता मात्र ती पार थकली होती. डोळे चुरचुरायचे, मनगट दुखायचं. रस्त्यावरून खरी बस गेली तरी तिला उबग यायचा. सगळी बटणं दाबून झाली, सगळ्या गाड्या सगळ्या रंगांत बुडवून झाल्या. आणि पत्र चुकलं तर? पुन्हा ती भिंत, पुन्हा ती पाठ. म्हणून काल तिने चक्क थाप मारली होती : 'एक मोठी चूक आढळली आहे. सविस्तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो.'

'जरूर. वाट पाहतो,' असं लगेच उत्तर आलं होतं.

दुपारी जेवताना नवऱ्याने विषय काढलाच.

"मोठी चूक म्हणतोय. कुठली असेल गं?"

"मला काय ठाऊक? मला बसमधलं चढण्या-उतरण्यापलीकडे काय कळतं?"

"सकाळी नवीन आवृत्ती नेटवर चढवून ठेवलीय. किरकोळच बदल आहेत." त्याने डोळे चोळले. तेही लालच दिसत होते.

"तुम्हाला कंटाळा नाही येत हो?"

"येतो की. जाम येतो."

"मग द्या सोडून."

"सोडतो कसा? कुणीतरी वाट बघतंय." तो तिच्या ताटाकडे बघत म्हणाला, "हे काय, उष्टं टाकणार? आठवडाभर बघतोय, चिमणीसारखी जेवतेयस."

"भूक नाही."

जेवण उरकून तो डोळ्यांचे थेंब आणायला बाहेर पडला.

तिने दार लोटलं आणि नवीन आवृत्ती उतरवून घेतली. पण आता एक बटणसुद्धा दाबायची ताकद तिच्यात नव्हती. प्रोग्रॅमसोबत दर वेळी एक फोल्डर यायचं. नवऱ्याने लिहिलेल्या मूळ ओळी त्यात असायच्या. ज्याला हव्या त्याने वाचाव्यात, बदलाव्यात, फुकट. तिने ते कधी उघडलं नव्हतं. त्यातलं ओ की ठो कळणार नव्हतं. पण ओळींच्या मधे मधे तो मराठीत टिपा लिहितो, हे तिला ठाऊक होतं. कॉम्प्युटरने सोडून द्यायच्या आणि माणसाने वाचायच्या टिपा. चूक ती चूक. निदान शुद्धलेखन तरी तपासू, म्हणून तिने फोल्डर उघडलं.

दोन तास ती वाचत होती. 'छत', 'खिडक्या', 'पुढचं दार' अशा कोरड्या टिपा. एक अनुस्वार राहिलेला सापडला, पण त्याला मोठी चूक कोण म्हणेल? शेवटच्या पानावर, मागच्या दिव्यांच्या ओळींपाशी, आज सकाळची तारीख घातलेली टीप होती :

'डाव्या दिव्याचा लाल रंग मुद्दाम बाहेर सांडवला आहे. चुकून दुरुस्त करू नये. मागची चूक तिला सापडली नाही, फार अवघड झाली. ही सोपी ठेवली आहे. चूक सापडते त्या दिवशी ती पोटभर जेवते.'

बाहेर कुलपात किल्ली फिरली. संध्याकाळपर्यंत कळवतो, असं चिकटराव बोलून बसले होते; तिने आवाज न करता नवा मेल उघडला.