पिवळा ड्रेस

"ताई, मेनूकार्ड उलटं धरलंय तुम्ही," वाढणारी बाई हळूच म्हणाली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. तिनं ते सुलटं केलं आणि पुन्हा तोंडासमोर धरलं. वाचायचं होतं कुणाला? चीज घातलेल्या नूडल्स, सोया सॉसमधला बर्गर, आलं आणि नारळाचं दूध घातलेला पास्ता. या कॅफेत दोन मुलखांचा संसार एका ताटात सुखानं चालला होता. तिचा एकाच मुलखातला, साधा, मोडायला निघाला होता.

तिचा नवरा शिंपी. खाली दुकान, वर घर. घरच्या जेवणाखेरीज काही घशाखाली न उतरणारा माणूस. कुणाच्या लग्नात नवा पदार्थ दिसला तरी नाक मुरडायचा. आणि हाच माणूस दर बुधवारी दुपारी इथे एका तरुण मुलीबरोबर जेवतो, असं शेजारणीनं सांगितलं होतं.

"वाईट वाटून घेऊ नका, वहिनी," शेजारीण म्हणाली होती. "घरचं मिळमिळीत लागायला लागलं की पुरुषांना तोंडी लावायला काहीतरी लागतं."

शेजारणीला स्वतःला फारसं वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

पण शंका तिलाही होतीच. हल्ली तो तिच्याकडे बघेनासा झाला होता. बोलायचा, पण नजर तिच्या कानामागे कुठेतरी. संध्याकाळी तिच्याबरोबर बाहेर पडायचं टाळायचा. वर गोड बोलणं वाढलेलं. रोज सकाळी तिच्याकडून सुया ओवून घ्यायचा. "तुझ्या हातचा दोरा तुटत नाही," असं पहिल्यांदा म्हणाला तेव्हा ती दोन दिवस हवेत होती. आता तिला स्वतःचीच लाज वाटली. साखर पेरत होता मेला, आणि ती मुंगीसारखी वेचत होती.

आज सकाळी तिनं शेवटची परीक्षा घेतली. त्यानंच शिवलेला पिवळा ड्रेस घालून ती स्वयंपाकघरात त्याच्यासमोर उभी राहिली.

"कसा दिसतोय?"

"छान. निळा तुला शोभतोच," तो म्हणाला आणि चहा पिऊ लागला. "आज जेवायला थांबू नकोस. कापडवाल्याकडे जायचंय."

"बुधवार आहे नाही का," ती म्हणाली.

तेव्हाच तिनं ठरवलं. भांडायचं नाही, रडायचं नाही, तोंडातून शब्दसुद्धा काढायचा नाही. नुसतं जाऊन समोर उभं राहायचं आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडताना बघायचा. उडाला तर बॅग भरून बहिणीकडे. आणि त्यानं नजर चुकवली नाही तर? हा 'तर' ती मनातही पुरा करत नव्हती. पण तेवढ्यासाठीच ती आली होती.

वाढणारी बाई खिडकीजवळच्या टेबलावरची फुलदाणी उचलून नेत होती.

"ती कशाला काढलीत?" तिनं विचारलं.

"दोघं येतात बुधवारी. त्यांना मधे काही नको असतं," बाई हसून म्हणाली.

तिनं दाराकडे नजर लावली.

ते आले. त्या मुलीचा दंड धरून तो आत आला. इतक्या वर्षांत रस्त्यात त्यानं कधी बायकोचं बोट धरलं नव्हतं. 'लोक बघतात,' म्हणायचा. मुलीच्या अंगात निळा शर्ट होता. म्हणजे सकाळचा निळा इथून आला होता तर. तिच्या टेबलाला जवळजवळ घासून तो पुढे गेला. मेनूकार्ड वर करायचं तिला सुचलंच नाही. तिच्याकडे न बघता तो गेला. वेड लागल्यावर माणसाला दुसरं काही दिसत नाही म्हणतात, ते खोटं नव्हतं.

नूडल्स आल्या, दोन-तीन वाट्या आल्या. मुलीनं त्याचा हात हातात घेतला आणि ताटाच्या कडेनं सावकाश फिरवला. मग एकेका वाटीवर टेकवला. कानाशी काहीतरी बोलली. तो हसला. त्याच्या शर्टावर नूडल्स सांडल्या, तर तिनं पुसायला रुमाल दिला आणि दोघंही हसत सुटली. घरी वाटी लवंडली की तासभर गप्प बसणारा हा माणूस. तिला आठवेना, तो घरी शेवटचा असा कधी हसला होता. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळ्यांना ते कुणी कळवलं नव्हतं.

मुलगी उठून काउंटरकडे गेली.

हीच वेळ. तिनं डोळे पुसले, खुर्ची सरकवली आणि चालत जाऊन त्याच्या अगदी समोर उभी राहिली. खिडकीतून आलेलं ऊन तिच्या पिवळ्या ड्रेसवर पडलं होतं. पायांची चाहूल लागून त्यानं मान वर केली आणि सरळ तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यानं नजर चुकवली नाही. त्याच्या चेहऱ्याचा रंगही उडाला नाही. तो हसला, अनोळखी माणसाशी हसतात तसा.

"पाणी आणलंत का, ताई?" तो म्हणाला. "उजव्या हाताशी ठेवा, आणि ग्लास एकदा बोटांना लागू द्या माझ्या. घरी बायकोला कळायच्या आत हे सगळं शिकून घ्यायचंय मला."