आत अजून सात जण

“चार वाजता बंद करायचं ठरलंय, पण आत अजून सात जण आहेत,” तंत्रज्ञ म्हणाला आणि त्याने कळफलकावरून हात काढून घेतला.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. “मग थांबू या. आत माणूस असताना खेळ बंद करायचा नाही.”

हा त्या कचेरीचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. दुसरा नियमही तितकाच जुना: कर्मचाऱ्यांनी खेळाडूंमध्ये मिसळून खेळायचं नाही. हा दुसरा नियम तक्रारवाल्या बाईंनी गुपचूप मोडला होता.

खेळाडूंच्या तक्रारी वाचायच्या आणि उत्तरं द्यायची, हे बाईंचं काम. खेळ एका बेटाचा. लोक आपापल्या घरी बसून त्यात शिरायचे, झाडं लावायचे, होड्या वल्हवायचे, तासन्‌तास गप्पा छाटायचे. एके काळी तिथे हजारोंची वर्दळ होती. मग मालकांचं लक्ष दुसऱ्या खेळांकडे वळलं. ‘डोंगरापलीकडचं गाव लवकरच येत आहे’ असा फलक बेटावर लागला आणि दोन वर्षं तसाच राहिला. गाव काही आलं नाही. लोकांनी आधी विनवण्या केल्या, मग शिव्या घातल्या. ‘गाव द्या, नाहीतर फलक काढा,’ असं एकाने सलग चाळीस दिवस लिहिलं. एकेचाळिसाव्या दिवशी त्याचं पत्र आलं नाही, तेव्हा बाईंना फार वाईट वाटलं. शिव्या परवडल्या, शिव्या देणारा निदान परत येतो.

बेट ओस पडायला लागलं तेव्हा बाई ‘घारूताई’ हे नाव घेऊन आत शिरल्या. उरलेल्यांना तेवढीच सोबत, तीही दोन-चार दिवसांपुरती, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

त्यांच्याशिवाय बेटावर सहा जण उरले होते. फुलं तुडवली की खेकसणारे एक ‘हवालदार’ होते. मैना होती, ती एक अक्षर लिहायची नाही, पण न चुकता सगळ्यांच्या दारात दिवा लावायची. इतर चौघंही असेच, ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. बाईंनी मनातल्या मनात प्रत्येकाला घरदार दिलं होतं. हवालदार म्हणजे कुणीतरी अंथरुणाला खिळलेले आजोबा. मैना म्हणजे बोलता न येणारी एखादी पोर. आपण गेलो तर यांचं कसं होणार, या विचाराने त्यांचा जीव तीळतीळ तुटायचा.

म्हणून तर गेल्या आठवड्यात त्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

“सात माणसांसाठी मालक अख्खं बेट चालू ठेवतील होय?” साहेबांनी विचारलं होतं.

“सहा,” बाईंच्या तोंडून निसटलं. “म्हणजे, सातच. पण साहेब, ते हवालदार एकटे असणार हो. ते कुठे जातील?”

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मालकांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवलेत मी. आणि हवालदाराचं काय घेऊन बसलात? ती घारूताई, रोज सकाळी सगळ्यांची विचारपूस करते. तिचं काय होणार?”

बाई दाराकडे सरकल्या. “ती... ती बघेल काहीतरी.”

“नाही हो. अशी माणसं आतून खचतात.”

बरं झालं, चोरी पकडली गेली नाही, असं मनाशी म्हणत बाई बाहेर आल्या. साहेब बेटाचे अहवाल इतके बारकाईने वाचतात हे त्यांना माहीत नव्हतं.

आता पाच वाजून गेले. कचेरीतली उरलीसुरली माणसं घरी जायचं नाव घेत नव्हती. हिशेबनिसापासून संगीतकारापर्यंत जो तो पडद्यात तोंड खुपसून कसली तरी आवराआवर करत होता.

“काका, तुम्ही तरी निघा,” बाई शिपाईकाकांना म्हणाल्या.

“निघतो की. एवढं यंत्र पुसून घेतो,” काका म्हणाले. अर्धा तास ते एकच यंत्र पुसत होते.

बेटावर सातही जण धक्क्यावर ओळीने बसले होते. ‘निघू या का आता?’ बाईंनी लिहिलं.

‘तुम्ही आधी,’ हवालदारांनी लिहिलं.

‘नाही, तुम्ही आधी.’

कोणीच उठलं नाही. बाईंना समोरचं दिसेना. शेजारच्या टेबलावर चित्रकार मुलगीही डोळे चोळत होती. “काही नाही, कचरा गेला,” ती म्हणाली.

बेटाबरोबर कचेरीही आजच बंद होणार होती; सहा वाजता तिथली इंटरनेटची जोडणी काढायला माणूस आला. तंत्रज्ञ घुटमळला. “उद्या नाही का जमणार?”

“कागदावर आजची तारीख आहे,” तो माणूस म्हणाला.

“काढू दे,” साहेब जड आवाजात म्हणाले. “खेळाची यंत्रं कुठे इथे आहेत? ती शंभर कोस लांब. आतल्या माणसांना धक्का लागणार नाही.”

वायर निघाली. बाईंच्या पडद्यावरून बेट नाहीसं झालं. आपण निरोप न घेताच उठून आलो, त्या सहा जणांना काय वाटलं असेल, या विचाराने त्यांना राहवेना. त्या तंत्रज्ञापाशी गेल्या.

“मोबाइलवरून बघता येईल? बसलेत का ते अजून?”

तंत्रज्ञाने फोन काढला. बघता बघता साहेब आले, काका आले, चित्रकार आली, हिशेबनीस आणि संगीतकारही आले. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं.

“बेट चालू आहे,” तंत्रज्ञ म्हणाला. “व्यवस्थित चालू आहे.”

“आणि माणसं?” साहेबांनी विचारलं.

“एकही नाही.”

टेबलाभोवती उभे असलेले सातही जण सावकाश एकमेकांकडे पाहू लागले.